चित्र फिरत होते

२०२५ च्या सप्टेंबर महिन्याच्या ७ तारखेला रोम येथे पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अक्युटिस या इटालियन मुलाला संतपद बहाल केले. १२ ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने दिवंगत झालेला हा मुलगा संगणकाचा मोठा जाणकार होता, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. त्याच्याजवळ प्लेस्टेशन नावाचे, टीव्हीला जोडून खेळण्याचे यंत्रही होते. मात्र आठवड्यातून एक तासच खेळायचे, असा नियम त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतला होता.

संत कार्लोचा सण १२ ऑक्टोबरला येतो. त्या वर्षी तो रविवारीच आला होता. अकोल्यातील आमच्या धर्मग्रामाच्या युवकांनी त्या दिवशी सभागृहात एक छोटे प्रदर्शन भरविण्याचे ठरविले. छायाचित्रे, तक्ते, माहिती हे सर्व ओघाने आलेच. परंतु एका मुलीने सुचविले की, तशाच प्रकारचे एखादे जुने यंत्र चालू स्थितीत मांडले तर लहान मुले आपोआप गोळा होतील. आम्ही रविवारच्या मिस्सानंतर तशी सूचना दिली. कोणाच्या घरी असे यंत्र पडलेले असल्यास आणून द्यावे, असे सांगितले आणि विसरूनही गेलो.

बुधवारी सायंकाळी एक वयोवृद्ध गृहस्थ जुन्या धोतरात बांधलेले गाठोडे घेऊन आले. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, नेहमी मागच्या बाकावर बसणारे. गाठोड्यातून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. आत करड्या रंगाचे प्लेस्टेशन, दोन तबकड्या आणि वायरींचे एक भेंडोळे होते. त्यांचे मेहुणे मस्कतला नोकरीस होते, त्यांनी ते १९९८ साली भाच्यासाठी आणले होते.

"फादर, हे पंचवीस वर्षं पेटीत व्हतं," ते म्हणाले. "तुमच्याच सांगन्यावरून ठेवलं व्हतं."

आम्हांस काहीच आठवेना. मग त्यांनी सांगितले ते असे. १९९९ साली ते बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत असत आणि आम्ही अमरावतीस नुकतेच सहायक धर्मगुरू म्हणून रुजू झालो होतो. त्या वर्षीच्या ८ जूनला मँचेस्टर येथे विश्वचषकाचा भारत-पाकिस्तान सामना होता. सीमेवर कारगिलचे युद्ध चालू होते, आणि साऱ्या देशाचे लक्ष त्या सामन्याकडे लागले होते. हे गृहस्थ ड्यूटी संपवून घाईघाईने घरी आले, टीव्ही लावला, तो चित्र खालून वर नुसते फिरत होते. भारताने तो सामना ४७ धावांनी जिंकला. यांनी तो शेजाऱ्याच्या खिडकीतून ऐकला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने टीव्हीच्या मागील बाजूचा एक खटका पेचकसाने किंचित फिरविला आणि चित्र थांबले. कोणी तरी हा पिळला आहे, एवढेच तो म्हणाला.

मुलगा त्या वर्षी दहावीत गेला होता. विचारल्यावर त्याने कबूल केले की खटका आपणच फिरविला. परंतु बिघडविण्यासाठी नव्हे, तर फिरणारे चित्र थांबविण्यासाठी. "पोट्टा म्हने, चित्र फिरत व्हतं म्हनून म्या थांबवलं. आता सांगा फादर, चित्र तर मले फिरतानी दिसलं. मले वाटलं, तोंडावर खोटं बोलून राह्यला." मुलाला मार बसला. पुढच्या रविवारी ते आमच्याकडे आले. आम्ही म्हणे त्यांना सांगितले की, खेळापेक्षा खोटे बोलणे अधिक वाईट. यंत्र कुलुपात ठेवा आणि मुलगा खरे बोलेपर्यंत काढू नका.

हे शब्द आमचेच असणार यात संशय नाही. त्या वयात आम्ही असेच बोलत असू. मुलाने पुढे काहीच कबूल केले नाही, आणि पेटी उघडली गेली नाही. दहावीला जेमतेम गुण पडले. आयटीआय करून तो पुण्यास गेला. नाताळच्या मिस्साला येई आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत जाई. पितापुत्रांतील बोलणे 'तब्येत बरी आहे' आणि 'पैसे मिळाले' यांपलीकडे वर्षानुवर्षे गेले नव्हते.

युवकांनी यंत्र सभागृहातील नव्या, चपट्या टीव्हीला पिवळ्या वायरीने जोडले. दोन तबकड्यांपैकी एकीवर इतके ओरखडे होते की ती वाचलीच जाईना. दुसरी मोटारशर्यतीची, अमेरिकन छापाची होती. ती चालावी म्हणून मेहुण्यांनी यंत्रात एक जादा चिप बसवून घेतली होती. तबकडी फिरू लागली, आवाज आला, चित्रही आले. परंतु ते काळे-पांढरे. शर्यत सुरू होताच पडदा काळा पडे आणि 'सिग्नल नाही' अशी अक्षरे उमटत. यंत्र गेले, असे सर्वांनी ठरवून टाकले.

धर्मग्रामातील एक मध्यमवयीन कारागीर जुने टीव्ही दुरुस्त करीत असे. आता ते काम उरले नाही म्हणून तो मोबाईल दुरुस्त करतो. त्याने मुलांना थांबविले. "यंत्र बरोबर आहे," तो म्हणाला, "दोघांची भाषा जुळत नाही." त्याने जे समजावून सांगितले ते आम्हांस प्रथमच कळले.

टीव्हीचे चित्र आपल्याला एकसंध दिसते. वस्तुतः ते एकाखाली एक आखलेल्या रेघांचे असते. आपल्या देशात दूरदर्शनने पॅल ही पद्धत स्वीकारली. तीत ६२५ रेघांची २५ चित्रे प्रत्येक सेकंदाला येतात, आणि प्रत्येक चित्र दोन अर्धुकांत विभागलेले असल्यामुळे पडदा सेकंदाला ५० वेळा वरून खाली आखला जातो. अमेरिका आणि जपान यांची पद्धत एनटीएससी. तीत रेघा ५२५ आणि पडदा आखला जातो सेकंदाला सुमारे ६० वेळा. मस्कतहून आलेले यंत्र पॅल पद्धतीचे. तबकडी मात्र अमेरिकन. त्यामुळे ते चित्र ६० च्या चालीने पाठवी, आणि रंगाची माहिती मात्र टीव्हीला न उमगणाऱ्या रीतीने. टीव्ही रंग सोडून देई. शिवाय ही खेळाची यंत्रे दोन्ही अर्धुके एकमेकांच्या फटीत न बसविता पुष्कळदा एकाच जागी आखतात, आणि मध्येच पद्धत बदलतात. जुना काचेचा टीव्ही ते निमूटपणे सोसतो. नवा टीव्ही नियमाचा काटेकोर. त्याच्या हिशेबात न बसणारे काही आले की तो पडदाच मिटून घेतो.

सेवानिवृत्त गृहस्थ हे सर्व लक्षपूर्वक ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे गेज येगळं हाय." वऱ्हाडच्या माणसाला याहून सोपा दाखला मिळणार नाही. मुंबई-नागपूर मार्ग ब्रॉडगेज. अकोल्याहून अकोटमार्गे खांडव्याकडे मीटरगेज धावत असे. आणि मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे आपली शकुंतला, अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या नॅरोगेजवरून. डबा कितीही चांगला असला तरी दुसऱ्या गेजवर तो चालत नाही, आणि त्यात ना डब्याचा दोष असतो ना रुळाचा.

उपाय म्हणून कारागिराने लग्नाच्या चित्रफिती जोडणाऱ्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून एक जुना आरजीबी मॉनिटर आणला. तांबडा, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांना त्यात स्वतंत्र वायर असते. रंग एकत्र कालवून पाठवायचेच नसल्यामुळे पॅल की एनटीएससी हा प्रश्न रंगापुरता उरत नाही. त्याने तीन वायरी जोडल्या, खटका दाबला. आणि रंग आले खरे, पण चित्र नव्हते. रंगीत चिंध्यांचा लोट पडद्यावरून तिरपा वाहत होता. दोन तास तो खटपट करीत राहिला. रात्रीचे नऊ वाजले.

तेव्हा ते गृहस्थ, कोणाकडेही न पाहता, म्हणाले, "आमचा पोरगा पुन्यात कॅमेरे अन् स्क्रीन लावायचंच काम करते."

कोणीच काही बोलले नाही. मग आमच्या युवकांपैकी एकाने साधेपणाने विचारले, "मग काका, लावा ना फोन." त्यांनी लावला. इतक्या रात्री वडिलांचा फोन आलेला पाहून पलीकडील आवाज प्रथम घाबरलाच. आई बरी आहे ना, असे त्याने दोनदा विचारले. मग कशासाठी फोन केला ते ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. नंतर त्याने जो प्रश्न विचारला, तो आम्ही विसरणार नाही.

"बाबा, तुमाले काय दिसून राह्यलं ते सांगा. चित्र उभं फिरते, का तिरपं फाटते?"

तो पुढे म्हणाला की, चित्र नुसते वर-खाली फिरत असेल तर पडद्याच्या चालीचा घोटाळा आहे. नुसते तिरपे फाटत असेल तर रेघांच्या चालीचा. वडिलांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिले आणि ड्यूटीवरील माणसाने वरिष्ठास वर्दी द्यावी तसे सांगितले, "दोन्ही. फिरते बी अन् फाटते बी."

"मंग सिंक पोचूनच नाई राह्यला," मुलगा म्हणाला.

सिंक म्हणजे काय, हे त्याने वडिलांना रेल्वेच्या भाषेत सांगितले. प्रत्येक रेघ संपली की, आणि प्रत्येक पडदा संपला की, यंत्र एक खूण पाठविते: आता नवी सुरू कर. स्टेशनमास्तरांच्या लाइन क्लिअरसारखी. ही खूण मिळाली नाही तर मॉनिटर आपल्या मनाने कोठूनही रेघ सुरू करतो, आणि सर्व रंग शाबूत असूनही चित्राच्या चिंध्या होतात. पिवळ्या वायरीत ही खूण चित्राबरोबरच असते. त्या वायरीतील एक व्होल्टच्या संदेशापैकी सात दशांश भाग चित्राचा आणि तीन दशांश भाग खुणेचा. ही खूण काळ्या रंगाच्याही खालच्या पातळीवर ठेवलेली असते, म्हणून ती पडद्यावर कधी दिसत नाही. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या वायरींतून या यंत्राचे फक्त रंग जातात. मॉनिटर खूण शोधत होता हिरव्या वायरीत, आणि ती होती पिवळ्या वायरीत, जी कारागिराने निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवली होती.

पिवळी वायर मॉनिटरच्या मागील सिंकच्या तोंडात बसविली. काही फरक पडला नाही. "पुढं 'एक्स्टर्नल सिंक' असं बटन असन, ते दाबा," फोनवरून सूचना आली. बटण दाबले, आणि चित्र थांबले. निळे आकाश, करडा रस्ता, तांबडी मोटार. मुलांनी टाळ्या वाजविल्या.

तरीही ते पूर्णपणे बरे नव्हते. पांढरा रंग डोळ्यांत खुपेल इतका भगभगीत दिसत होता आणि चित्राचा माथा वाऱ्यावरच्या पताकेसारखा वाकत होता. वडिलांनी तीही वर्दी दिली. मुलाने विचारले, मॉनिटरच्या मागे 'आउट' लिहिलेल्या तोंडांना काही लागलेले आहे काय. खरोखरच, स्टुडिओतून आणताना चार जुन्या वायरी तशाच लोंबत राहिल्या होत्या. त्यांची दुसरी टोके मोकळी होती. अशा वायरीच्या शेवटी ७५ ओहमचा भार असावा लागतो, असे त्याने सांगितले. पुढे वायर लागलेली असली की मॉनिटर समजतो, भार पुढच्या यंत्राने घेतला आहे. आणि आपला भार काढून घेतो. पुढे तर कोणीच नव्हते. वायरी उपसून काढताच मॉनिटरने भार स्वतः घेतला, पांढरा रंग शांत झाला आणि माथा सरळ उभा राहिला.

काम झाले होते. फोन मात्र चालू राहिला. वडील ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आमच्या कानी आला. ते विचारत होते, "मंग त्या दिवशी, तो टीव्ही..."

मुलाने काय सांगितले ते आम्हांस ऐकू आले नाही. पण त्याची गरजही नव्हती, कारण एव्हाना आम्हांसही उलगडा झाला होता. १९९९ साली हीच अमेरिकन तबकडी त्या जुन्या टीव्हीवर लावली असता चित्र फिरू लागले होते. टीव्ही ५० च्या चालीला लावलेला, चित्र ६० च्या चालीने येणारे. मुलाने मागचा खटका फिरवून टीव्हीला ६० ची चाल दिली आणि चित्र थांबविले. पंधरा वर्षांच्या पोराने, कोणी न शिकविता. खटका पुन्हा पूर्ववत करण्यास मात्र तो विसरला. संध्याकाळी मँचेस्टरचा सामना ५० च्या चालीने आला आणि फिरू लागला. मुलगा म्हणाला, मी थांबविले. बाप म्हणाला, मला तर फिरताना दिसले. दोघेही खरे बोलत होते. खोटे त्या घरात कोणीच बोलले नव्हते. खोटेपणाचा निवाडा देणारे आम्ही होतो, आणि आम्ही तर तो टीव्ही पाहिलाही नव्हता.

दूरचित्रवाणीचे म्हणून एक आश्रयदाते संत आहेत, हे पुष्कळांना नवल वाटते. आजारपणामुळे नाताळच्या रात्रीच्या उपासनेस जाऊ न शकलेल्या असिसीच्या संत क्लेअरला ती उपासना आपल्या खोलीतच दिसली व ऐकू आली, अशी परंपरा आहे. म्हणून पोप बारावे पायस यांच्या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रेषितीय पत्राने तिला हा मान दिला. युवकांनी कार्लोच्या शेजारी तिचेही चित्र लावले. प्रदर्शनाच्या दिवशी मुलांनी पाच-पाच मिनिटांची पाळी लावून शर्यत खेळली. एक तास पूर्ण होताच, कार्लोच्या नियमाप्रमाणे, यंत्र बंद करण्यात आले. ते बंद करण्याचा मान त्या गृहस्थांना दिला होता. मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांना बटण सापडण्यास जरा वेळ लागला.

त्या नाताळात मुलगा चार दिवस राहिला. आम्ही त्याला आमच्या खोलीत बोलाविले आणि १९९९ च्या त्या निवाड्याबद्दल त्याची क्षमा मागितली. आता तोही एक्केचाळीस वर्षांचा, कानाजवळ केस पिकलेला. तो संकोचला. मग म्हणाला, "फादर, टीव्ही म्या बिघडवला नव्हता, हे खरं. पन दहावीचे पेपर तं म्याच खराब लिहिले व्हते. ते तुमच्यावर नका घेऊ." आम्ही दोघेही हसलो. तरी एक गोष्ट त्याने हसता हसता सांगितली, ती आमच्या मनात राहून गेली. त्याला माराचे वाईट वाटले नव्हते. बाबा एकदा मागे येऊन 'दाखव बरं, काय करत होता' असे म्हणाले असते, तर त्याने तबकडी लावून दाखविली असती. त्याने त्यासाठी बरेच दिवस वाट पाहिली.

यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला प्रभूने आधी विचारले की, त्याला काय हवे आहे. आंधळ्याला दृष्टीच हवी, हे उघड होते. तरीही प्रभूने विचारले. यावर आम्ही अनेक वेळा प्रवचन केले आहे. पण बडनेऱ्याच्या त्या बापाला आम्ही काहीच विचारले नव्हते, आणि मुलाला तर बोलाविलेही नव्हते.

आजही पालक आमच्याकडे येतात. त्या काळी टीव्हीची तक्रार होती, आता मोबाईलची आहे. मुलगा रात्रभर खेळतो, मुलगी उत्तर देत नाही, यंत्र काढून घेऊ काय, असे विचारतात. कधी कधी काढून घेणेच योग्य असते, हेही आम्ही सांगतो. कार्लोलाही नियम हवाच होता, फरक इतकाच की तो त्याने स्वतः समजून घातला होता. मात्र आता आम्ही पहिल्याच भेटीत निवाडा देत नाही. आधी मुलाजवळ बसा, म्हणतो. त्याच्या पडद्यावर काय चालले आहे ते त्यालाच दाखवायला सांगा, आणि मग या. पुष्कळ पालक परत येत नाहीत. त्यांचे घरीच काही जमले असावे, अशी आमची आशा असते.

प्लेस्टेशन आता त्या घरी टीव्हीखालील कपाटात उघड्यावर आहे. पेटीत परत गेलेले नाही.